तब्येतीचे सात अर्ज

भाऊ,

आज रेकॉर्ड रूममधून तलावाच्या दाव्याची फाइल काढली. आरमोरीकडच्या त्या ढिवर मंडळींचा दावा, ज्यांच्या गावतलावात मासे कोणी धरायचे यासाठी तुम्ही आठ वर्षं भांडलात. त्यांच्यातल्या एकाच्या मुलाला निकालाची नक्कल हवी होती, म्हणून पानं उलटत होते, तर मधेच माझंच अक्षर समोर आलं. एक नाही, सात अर्ज. सगळे तुमच्या शेवटच्या वर्षातले. ‘वादीच्या वकिलांची प्रकृती ठीक नसल्याने पुढील तारीख मिळावी, ही विनंती.’ खाली माझी सही, बाजूला विरुद्ध वकिलांचं ‘हरकत नाही’, वर न्यायाधीशांचं ‘मंजूर’. तुमच्या तब्येतीवर दरवेळी तीन माणसांनी सह्या केल्या आणि तिघांपैकी एकानेही ती विचारली नाही. सातव्या अर्जावर मात्र माझ्याऐवजी तुमची सही आहे, खाली घसरत गेलेली. मी तिथेच स्टुलावर बसले. रेकॉर्डवाल्यानं पाणी आणून दिलं.

बाई, तुमच्या घरच्या, अजून विचारतात, भाऊ. शाळेतून रिटायर होऊन त्या नागपूरला मुलाकडे राहायला गेल्या, पण दर दिवाळीला फोन करतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली येतो. ‘तुले तरी काई बोलले होते का व? दिवसभर तुझ्यासंगच राहत होते.’ इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, चार-सहा महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. ते वाक्य बाईंच्या मनातून जात नाही. नवऱ्यानं आपल्याला सांगितलं नाही, निदान दुसऱ्या कोणाला सांगितलं होतं का, एवढंच त्यांना कळायला हवं आहे. मी दरवेळी म्हणते, ‘नाही बाई, भाऊ कोणालाच बोलले नाहीत.’

तुमच्याकडे मला अब्बा घेऊन आले होते. कोर्टासमोर त्यांचं शिलाईचं दुकान, बारमधल्या अर्ध्या वकिलांचे काळे कोट त्यांच्याच हातचे. ‘साब, लडकी पढ तो गयी, अब काम सिखा दो,’ म्हणाले आणि मला दारात सोडून मशीनवर परत गेले. बार रूममध्ये तेव्हा मी एकटीच मुलगी. बसायचं कुठे हा प्रश्नच होता. तुम्ही आपल्या शेजारची खुर्ची पायानं सरकवली आणि म्हणालात, ‘बस. अन् पहिलं तारीख मागाले शीक.’ पहिला महिना मी तेवढंच शिकले. साक्षीदार आला नाही, फाइल वाचून झाली नाही, धानोऱ्याची बस चुकली, कारण काहीही असो, तुम्ही मान न वळवता सांगायचात, ‘तब्येत लिहून दे. तब्येतीले कोणी आडवं जात नाई.’ आणि खरंच कोणी आडवं जात नव्हतं. सगळेच तेच करायचे. आपल्या बारइतकी आजारी माणसं सरकारी दवाखान्यातसुद्धा नसतील. एकदा तुमच्या नावानं तापाचा अर्ज देऊन मी बाहेर आले, तर तुम्ही कँटीनच्या बाकावर मिरचीभजी खाताय आणि जेवणाच्या सुट्टीत न्यायाधीश त्याच वाटेनं येतायत. ‘वकीलसाहेब, उतरला का ताप?’ त्यांनी विचारलं. तुम्ही उभे राहून, भजी हातात धरूनच, ‘आत्ताच उतरला साहेब,’ म्हणालात. आठवड्याभर तो किस्सा चालला होता.

तुम्ही रागावलातही. माझा पहिला जामीन नाकारला गेला तेव्हा मी बार रूमच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून रडत होते. धानोऱ्याकडचा गोंड माणूस, सागाच्या दोन लाकडांपायी आत गेलेला, त्याची बायको बाहेर चिंचेखाली बसली होती. तुम्ही आलात. ‘काऊन रडून राह्यली? वकिलाले रडू येत नाई. आलं तं घरी जाऊन रडाचं. तिच्यासमोर तू रडशीन तं तिनं कोणाकडे पाहाचं?’ मला तुमचा भयंकर राग आला होता. पण मी तोंड धुतलं, त्या बाईला पुढचं समजावून सांगितलं, आणि नंतर आयुष्यभर ते वाक्य बरोबरच आहे असं धरून चालले. पुढल्या वर्षी तलावाच्या दाव्यात नवीन वकीलपत्र द्यायचं होतं. तुम्ही त्यावर माझं नाव वर लिहिलंत आणि आपलं खाली. ढिवरांचा म्हातारा पुढारी कागदाकडे बघत बसला, तेव्हा म्हणालात, ‘पाहून काय राह्यला? आता हे पोरगीच बोलीन.’ सणावाराला मला कोणी काय काय दिलं ते आता आठवत नाही. तो कागद आठवतो.

मग ते शेवटचं वर्ष. तुम्ही जेवणाच्या सुट्टीनंतर कोर्टात दिसेनासे झालात. फाइलची दोरी सोडायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. डबा तसाच परत जायचा. सकाळी घरून निरोप यायचा, तब्येत लिहून दे, आणि मी लिहून द्यायची. मला वाटायचं, भाऊंना आता कंटाळा आला, सगळं माझ्या अंगावर टाकतायत. चिडायचे मी, मनातल्या मनात. अब्बा एकदा जेवताना म्हणाले, ‘साब का कोट दुसरी बार अंदर लिया है मैंने. साब सूख रहे हैं, बेटी.’ मी म्हटलं, सकाळी फिरायला जातात, म्हणून. अब्बांनी टेपनं मोजलं होतं आणि मी त्यांनाच गप्प केलं. तुम्ही का लपवलंत ते आता माझ्या लक्षात येतं. वकील आजारी आहे असं एकदा गावात झालं की पक्षकार दुसऱ्याच्या टेबलाकडे वळतात. कागदावर आपण सगळे रोज आजारी पडत होतो आणि खरं दुखणं सांगायची मात्र सोय नव्हती.

सातव्या अर्जाच्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. सायकलरिक्षा फाटकाशी थांबली आहे, तुम्ही दांड्याला धरून उतरता आहात, कोट खांद्यावरून लोंबतोय. मी पायऱ्यांवर उभी. तुम्ही जवळ येऊन म्हणता, ‘पोरी, मले बरं नाई वाटून राह्यलं.’ आणि मी हातातला कागद पुढे करते. ‘लिहून ठेवला आहे भाऊ, इथे फक्त सही करा.’ तुम्ही कागदाकडे बघता, मग माझ्याकडे. थोडं हसता. माझ्याच पेननं सही करता आणि ‘हुशार झाली तू,’ म्हणून रिक्षाकडे परत फिरता. चौथ्या दिवशी इथल्या दवाखान्यातून नागपूरला नेताना वाटेतच तुम्ही गेलात. बारच्या शोकसभेत मला बोलायला लावलं. मी म्हणाले, भाऊंनी आपलं दुखणं कधी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या.

माझ्याकडे आता एक मुलगी काम शिकते. धानोरा तालुक्यातली, घरचे मोह आणि तेंदूपत्ता गोळा करणारे, गावातून वकिलीची सनद घेणारी पहिलीच. मागच्या आठवड्यात कोर्टात बोलणी खाऊन ती रडत आली तेव्हा मी तिला तुमचंच वाक्य ऐकवलं, जसंच्या तसं. तिनं लगेच डोळे पुसले, मला बरं वाटलं. आज सकाळी तिचा फोन. ‘मॅडम, मले बरं नाई.’ मी म्हटलं, ‘ठीक आहे, अर्ज देते,’ आणि फोन ठेवला. अर्ज दिला, मंजूर झाला, आणि त्यानंतर मी रेकॉर्ड रूममध्ये गेले.

दुपारची कामं सोडून तिच्या खोलीवर गेले, बसस्टँडच्या मागे. दार उघडल्यावर ती घाबरलीच. ‘मॅडम, कोणती फाइल राहिली का?’ म्हणाली. दोन दिवसांपासून स्टोव्ह पेटला नव्हता. वकिली सोडून गावी जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती. तिच्या स्टोव्हवर चहा ठेवला, साखर शोधली आणि विचारलं, ‘काय होते तुले? सांग, मी बसली आहे.’ ती खूप रडली, भाऊ. मी तिला थांबवलं नाही. ती राहील की जाईल, माहीत नाही. पिशवी अजून भरलेलीच आहे. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे.

तिथून घरी येऊन हे लिहायला बसले. आधी वाटलं, बाईंनाच लिहावं. कागदावर ‘प्रिय बाई’ लिहिलं आणि पुढे हात चालला नाही. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही काही विचारणार नाही. हे पत्र त्यांना जाणार नाही. यंदाही दिवाळीला त्या विचारतील आणि मला वाटतं मी नाहीच म्हणेन.

पण तुम्हाला खोटं सांगत नाही. पायऱ्यांवर गर्दी होती, पुकारा कधीही होईल अशी घाई होती, तुमचं बोलणं मला धड ऐकू आलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. तुम्ही सांगितलं होतं, भाऊ, आणि ते मला नीट ऐकू आलं होतं. आपलं काम त्या दिवशी यादीत पार खाली होतं. पुकारा व्हायला चांगला पाऊण तास होता. तुमची रिक्षा वळली आणि मी कँटीनमध्ये चहा प्यायला गेले.