एकाच मापाच्या बरण्या

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तर आज लिहिते आहे, तेव्हा आधी कान पकडते. धरणाच्या कामावर अजून फोन लागत नाही हे वाचून मला मनातून बरंच वाटलं. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, पत्रात निदान चार ओळी तरी मिळतात. क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितोस का? अक्षर हलल्यासारखं दिसतं.

घरची बातमी अशी की, आईकडे राहायला आल्यापासून मी घर पार बदलून टाकलं आहे. प्रयोगशाळेत मी दिवसभर नदीचं पाणी गाळते. गाळणीच्या कागदावर प्लास्टिकचे निळे-पांढरे कण मोजायचे आणि घरी येऊन प्लास्टिकच्याच बाटलीतून डोक्यावर शॅम्पू ओतायचा, याची मला लाज वाटायला लागली होती. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी कंबर कसली. शॅम्पू, फरशीचं, भांड्यांचं, कपड्यांचं, संडासाचं, टूथपेस्टच्या ट्यूबा, सगळं दोन पोत्यांत भरून खाली पाठवलं. आता डोक्याला वडी, अंगाला वडी, भांड्यांना वडी, दातांना मंजन, लाकडी दांड्याचे ब्रश आणि काथ्याची घासणी. पातळ साबण एका दुकानातून आपली बाटली नेऊन भरून आणायचा. मी एकाच मापाच्या चोवीस तपकिरी काचेच्या बरण्या आणि बाटल्या आणल्या, बारीक अक्षरात लेबलं लावली आणि फळ्यांवर ओळीने मांडल्या. काही काम नसताना मी न्हाणीघरात जाऊन त्या फळीकडे बघत उभी राहते. तू हसशील, हस.

आई मात्र तेव्हा काही बोलली नाही. तीस वर्षं तिने कारखान्यात अशाच बाटल्यांना झाकणं बसवली, त्यामुळे पोती जिन्यावरून उतरत असताना मला जरा चोरट्यासारखं झालं होतं. पण खरी काळजी पुढेच आहे. दादा, आई बदलते आहे. शॅम्पूच्या वडीने तिने भांडी घासली. आंघोळ म्हटलं की नंतर करते म्हणते, आणि दिवस उलटून जातात. मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे जाते ती दोन तासांनी ओले केस घेऊन वर येते. विचारलं तर घाम आला म्हणते. बोलताना माझ्याकडे नीट बघत नाही, मान तिरकी करून भिंतीकडे बघते.

आणि गेल्या सोमवारी तिने मंजन समजून धुण्याच्या सोड्याने दात घासले. ओठ सुजले, जिभेवर पांढरे चट्टे आले. मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते हे तुला माहीत आहे. डोळ्यांसमोर लेबल आहे, तेवढंही वाचायचे कष्ट नकोत का, असं आणि याहून वाईट बरंच बोलले. ती चूळ भरत उभी राहिली. आता लिहितानाही माझे कान गरम होतात.

डॉक्टरांकडे नेलं. तारीख, वार, तुझं धरण, सगळं तिने बरोबर सांगितलं. पण कागदावरच्या घड्याळात काटे काढायला दिले ते वर्तुळाच्या बाहेर काढले. शेळीचं चित्र दाखवलं त्याला खुर्ची म्हणाली. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात असावी, आणि मी दिवसभर कामावर असताना तिला एकटं ठेवणं धोक्याचं आहे. अशा माणसांची काळजी घेणारं एक निवास त्यांनी सुचवलं. मी पाहून आले. स्वच्छ आहे. अर्जावर दोन्ही मुलांच्या सह्या लागतात, म्हणून अर्ज सोबत ठेवला आहे. मी सही केली आहे. तुला योग्य वाटेल ते कर, पण लवकर कळव.

तब्येत सांभाळ, आणि रागावला असशील तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारू


दि. १९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

सामानाची गाडी गुरुवारी येते, तिच्यासोबत तुझं पत्र आलं. रविवारपर्यंत खिशात घेऊन फिरलो. चोवीस बरण्यांचं वाचून हसू आलं होतं. लहानपणी रिकाम्या डब्या साठवायचीस म्हणूनच तर बाबांनी तुला खारू नाव ठेवलं. पण पुढचं वाचून हसू जिरलं.

तुला दोष द्यायला मला तोंड नाही. सहा वर्षं मी इथे हवेत टांगलेल्या खोलीत बसून सिमेंटचे ठोकळे इकडचे तिकडे करतो आहे आणि आईचं सगळं तुझ्या गळ्यात टाकून मोकळा झालो आहे. मागच्या सुट्टीत आलो तेव्हा तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला होता आणि मी दाढी टोचेल म्हणून थट्टा केली होती. तेव्हाच काही बिघडलं असेल का? मला कळलं नाही, आणि कळून घ्यायला मी थांबलोही नाही.

सही केली आहे. डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजण्यात अर्थ नाही. तू ओरडलीस त्याचं फार मनावर घेऊ नकोस. तिला मात्र माझी सही आहे हे सांग, सगळं तुझ्या एकटीच्या माथी नको.

आईला नमस्कार. माझ्यासारख्या लांबून माया करणाऱ्याला सांभाळून घे.

तुझा,
दादा


दि. २४ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. मी सांगते आहे आणि शिंपीणबाई लिहिताहेत. शिवणाचं मशीन बंद ठेवून बसल्या आहेत बिचाऱ्या. (मीच बसले आहे, कुणी बसवलेलं नाही. तुझ्या आईने हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं असं माझं मत आहे आणि ते मी लिहिणारच. – शिंपीण)

बाळ, माझं डोकं ठिकाणावर आहे. गेले आहेत ते डोळे. दोन वर्षांपूर्वी शिंपीणबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजला आहे, ऑपरेशन करून उपयोग नाही. कडेकडेचं दिसतं. म्हणून जिना उतरता येतो, दार दिसतं, माणूस आला-गेला कळतं. समोरचं काही दिसत नाही. खारूचा चेहरा बघायचा तर मला भिंतीकडे बघावं लागतं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या हातातून चूल आणि चावी दोन्ही काढून घेतली असती. आणि मला काही अडत नव्हतं रे. तीस वर्षं या हातांनी बाटल्या पारखल्या. आमच्या कारखान्यात प्रत्येक मालाची बाटली वेगळ्या घडणीची. फरशीच्या औषधाचं झाकण खरबरीत, भांड्यांच्या साबणाची कंबर बारीक, शॅम्पूची बाटली चपटी, संडासाच्या औषधाची मान वाकडी. हात लागला की कळायचं. मी घरात सगळं त्याच हिशेबाने ठेवलं होतं. मग एका रविवारी मी डोळे मिटून दुपारची पडले होते, आणि उठले तर सगळ्या बाटल्या गुळगुळीत, गोल आणि एका उंचीच्या. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मुकादमाने त्याला दुसऱ्या दिवशी आत घेतलं नसतं.

वास घेऊन बघितलं, पण खारूच्या नव्या साबणांना वासच नसतो. तीही तिच्या परीने चांगलंच करत होती. माझा जन्म प्लास्टिकला झाकणं लावण्यात गेला, आणि ती लेक नदीतून तेच वेचून काढते आहे. तिला अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. म्हणून शिंपीणबाईंना सांगून एक पोतं त्यांच्या कापडाच्या टेबलाखाली ठेवून घेतलं आणि आंघोळीला तिथे जायला लागले. बाकीच्या दिवशी अंग पुसून काढायचे. आंघोळीला कुणाची मदत मागायची वेळ अजून आलेली नाही, असं मला स्वतःशी म्हणायचं होतं.

काल खारूने सांगितलं की मला तीन तारखेला निवासात नेणार. सांगताना ती रडत होती. आता तू तेवढं थांबव. काहीही कारण दे. पण डोळ्यांचं तिला सांगू नकोस. मी सोडा तोंडात घातला त्या दिवशी ती मला लेबल वाच म्हणाली होती. खरं कळलं तर ती पोर स्वतःला खाऊन टाकेल. (मी लिहिते सगळं, पण हे मला पटलेलं नाही. – शिंपीण)

जेवणाची आबाळ करू नकोस. आईचा खोटेपणा पोटात घाल, आणि जीव लाव तसाच.

तुझी,
आई


दि. ६ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

आईचं पत्र काल गुरुवारच्या गाडीने मिळालं. तिने तुला सांगू नको म्हटलं आहे. मी तिचा शब्द मोडतो आहे. पत्रच सोबत पाठवतो, माझ्या शब्दांत सांगितलं तर मी काहीतरी मऊ करून सांगेन.

तीन तारीख उलटून गेली आहे हे मला कळतं. तू तिला पोचवलं असशील आणि तेव्हा माझ्या सहीचा अर्ज तुझ्या पिशवीत असेल. मी तुझं पत्र चार दिवस खिशात ठेवलं, आणि उत्तर लिहायला बसलो तेव्हा एक साधा प्रश्न विचारला नाही, की बाई, तिचे डोळे तपासलेस का. तिने माझा चेहरा चाचपला होता, ते मी तुला लिहूनही मला कळलं नाही. माझी सही परत घेतली म्हणून निवासात सांग. आजच जा.

मोठा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी म्हणवून घेतो.

तुझा,
दादा


दि. १५ मार्च

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी प्रयोगशाळेतून आल्यावर दारात मिळालं. जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच बसले. शिंपीणबाई वर आल्या, त्यांनी माझ्या हातातलं पत्र पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की, मी तिला कितीदा सांगितलं. मग चपला घालून माझ्यासोबत निघाल्या.

आई निवासात खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस धुतलेले, वेणी घातलेली, नखं कापलेली. तिथल्या न्हाणीघरात दुकानातल्या साध्या बाटल्या आहेत. तिथली परिचारिका मला बाजूला घेऊन म्हणाली की, या मजल्यावर आंघोळ स्वतःची स्वतः करणाऱ्या या एकट्याच आहेत, यांना इथे का आणलं आहे ते आम्हाला समजलेलं नाही. मी कागदांवर सह्या केल्या आणि तिला घरी घेऊन आले. टॅक्सीत ती भिंतीकडे बघावं तसं खिडकीकडे बघत होती, आणि या वेळी मला माहीत होतं की ती माझ्याकडे बघते आहे.

गुरुवारी शिंपीणबाईंच्या टेबलाखालून पोतं बाहेर काढलं. अकरा बाटल्या होत्या, एकीलाही चीर नाही. त्या धुतल्या आणि त्या भरून देणाऱ्या दुकानात घेऊन गेले. माझा समज असा की तिथे काचेचीच बाटली चालते. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच अकराही भरून दिल्या आणि म्हणाला, लोक घरचीच जुनी आणतात, तेच बरं. दादा, चांगल्या अकरा बाटल्या मी कचऱ्यात टाकल्या, चोवीस नव्या विकत आणल्या, आणि याला कचरा कमी करणं म्हणत होते. दुसरं पोतं तर गेलंच. ते नदीतूनच माझ्या गाळणीवर येणार असेल. पण हे लिहिताना मला कळतं आहे की नदीचं लिहिणं मला सोपं जातं, म्हणून मी तेच लिहिते आहे. तिच्या तोंडात चट्टे आले होते आणि मी तिला वाच म्हणाले होते. हे कुठल्याच पाण्यात धुतलं जाणार नाही.

मंजन आता चपट्या पत्र्याच्या डबीत आहे. सोडा न्हाणीघरात ठेवतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. दृष्टी परत येणार नाही असंच ते म्हणाले, पण आहे तेवढ्यात कसं वागायचं ते शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा घरी येणार आहे. त्यावर आईने आधी नाक मुरडलं, मग त्या बाईलाच बाटल्या कशा ओळखायच्या ते शिकवायला बसली.

काल सकाळी आईने न्हाणीघराचं दार लावलं आणि आतून कडी घातली. मी बाहेर जमिनीवर बसून राहिले. तिला काही लागलं तर हाक ऐकू यावी म्हणून बसले, असं मी स्वतःला सांगितलं. पाण्याचा आवाज येत होता. मग आतूनच तिने विचारलं की, इतके दिवस मी तुला खरंच वेडी झालेली वाटत होते का. मी नाही म्हणू शकले असते. मी हो म्हणाले.

आतलं पाणी थांबलं. मी कडीकडे बघत होते. मग तिने पुन्हा नळ सोडला.

तू येशील तेव्हा तिच्या उजव्या बाजूला बसत जा, तिकडून तिला जास्त दिसतं. माझ्यावर आधीइतकीच माया ठेव असं मागायला संकोच वाटतो, म्हणून जमेल तेवढी ठेव.

तुझी,
खारू