अकरा ठिगळं आणि एक छत्री

अहो,

'प्रिय' लिहिणार होते. पण तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि खोटं लिहायची मला सवय नाही. म्हणून नुसतं अहो. आयुष्यभर तेवढ्यावर भागलं, आताही भागेल.

मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहितेय. पुढच्या पानांवर तुमच्या हातची मापं आहेत. तुम्ही श्रावणात गेलात, आता पाडवासुद्धा होऊन गेला. इतक्या दिवसांत तुम्हाला काही कळवावं असं वाटलं नाही. पण सोमवारी तुमची माणसं दारात आली. गावच्या फुटबॉलची माणसं म्हणजे तुमचीच माणसं, माझी ती कधी नव्हती.

रविवारी पाटोद्याला मॅच होती. आपण हरलो. 'आपण' म्हणायची खोड तुम्हीच लावलीत. अकरा शून्य.

होणारच की. ऊसतोडीला गेलेली पोरं पाडव्याच्या सुमाराला माघारी येतात, एकेक टोळी एकेका दिवशी. आपला संघ पुरा अकरा जणांचा असा सरावाला कधी उभा तरी राहिलाय का? परवा तर दोघंजण कारखान्यावरून आलेल्या ट्रकमधून उतरले, बिऱ्हाड बायकांच्या हवाली केलं आणि तसेच मैदानात गेले. त्या बायकांनी चूल मांडली की नाही, भांडीकुंडी कुणी उतरवली, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं नसणार. मला मात्र तेच आधी आठवलं.

सोमवारी सकाळी मी मशीनवर होते. लांबूनच त्यांचा गलका ऐकू आला. हसत होते, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते. मला वाटलं, जिंकले की काय? आणि खरं सांगते, मला आनंद झाला. गावाच्या नावासाठी नाही, तुमच्याशिवाय जिंकले म्हणून. तुमची चांगली जिरली असती. बघा, किती जळकी बाई पदरात पडली होती तुमच्या.

मग आबांनी पिशवी पुढं केली. आबा म्हणजे आपले शेळ्यांवाले आबा, सत्तरी उलटली तरी मॅच चुकवत नाहीत. पिशवी फुगलेली बघितली आणि मला कळलं.

"किती?" मी विचारलं.

"अकरा," आबा म्हणाले. "पर सूनबाई, पयल्या हाफात सात झालते, दुसऱ्या हाफात चारच. सुधारलो का न्हाई?"

"आन त्यातला एक माज्या नाकाला लागून आत गेला वैनी," गोलकीपर शिवा म्हणाला. नाक सुजून गालाएवढं झालं होतं. "जरा आलीकडं सरकलो आसतो तर आडलाच व्हता. पुढच्या बारीला बघा तुमी."

पुढच्या बारीला. हे नुसते दोन शब्द नाहीत, हा तुमचा ताप आहे. सगळ्या गावाला लावून गेलात.

पिशवीत ठिगळं होती. ती तुमची रीत. जितके गोल खाल्ले तितकी ठिगळं गोळा करायची आणि वाकळीला जोडायची. नवं कापड चालणार नाही, अंगावर वापरलेलंच पाहिजे. आणि ठिगळ त्याचंच घ्यायचं, जो हरताना तिथं हजर होता. ज्या दिवशी पहिली मॅच जिंकू, त्या दिवशी ही वाकळ लिंबाखाली अंथरायची आणि तिच्यावर बसून सगळ्यांनी जेवायचं. म्हणजे जितकं जास्त हरू तितकी वाकळ मोठी आणि तितकी जेवायला माणसं जास्त. असलं गणित तुम्हालाच सुचावं. पण एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांना ते पटलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता ती वाकळ दोन बाजांवर मावत नाही.

सगळ्या गावाची कापडं तिच्यात आहेत. आबांचा पटका आहे, शिवाची शाळेतली खाकी चड्डी आहे, तुमचा लग्नातला सदरासुद्धा आहे. माझं एकही ठिगळ नाही. मी मॅचला येत नव्हते, म्हणून माझा हक्क नव्हता. पण कधी 'चल' म्हणालात का? वाकळ मांडीवर घेतली की तुमच्या तोंडात शीळ यायची. मी दोन ब्लाउजांना हुक लावून द्या म्हटलं की लगेच मान दुखायची. बाया मला म्हणायच्या, तुला काय कमी, तुझा नवरा पीत नाही. पीत नव्हतात, मान्य. पण सवत काय बाटलीतूनच येते?

तुम्ही गेलात तेव्हा हीच माणसं वाकळ घेऊन आली होती. आप्पाच्या अंगावर घालू म्हणाली. मी नाही म्हणाले. त्यांना वाटलं, दुःखानं भान सुटलंय बाईचं. भान चांगलं जागेवर होतं. पंचवीस वर्षं तिनं तुम्हाला वाटून घेतलं, शेवटची वाट तरी मला एकटीला पाहिजे होती. ती वाकळ मी ट्रंकेत घातली आणि कुलूप लावलं.

तीच आता हे मागत होते.

"वैनी, तेवढी अकरा टाकून द्या. तुमचा टाका आप्पापेक्षा बी बारीक हाय," शिवा म्हणाला.

"मी शिवणार नाही."

"कावून?"

कावून म्हणे. एवढ्या दिवसांत ते विचारायला कुणाला सवड झाली नव्हती. मग मीही सांगितलं. कात्री हातातच होती, त्यामुळे जरा जोरातच सांगितलं असेन. म्हटलं, "मी पडले तेव्हा कुणी ठिगळ आणलं होतं?"

सगळे पिशवीकडं बघायला लागले. तुम्ही असतात तर तुम्हीही तिकडंच बघितलं असतंत.

आठवतंय ना? की तिथं गेल्यावर तेवढं सोयीनं विसरलात? पंचायतीच्या मागच्या निवडणुकीत आपल्या वॉर्डात बाईची जागा होती. बाजारतळावर बायांना आडोसा नाही. बाजाराला आलेली बाई सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, जावं लागेल म्हणून. हे मला ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया सांगायच्या. म्हणून मी उभी राहिले. छत्री निशाणी मिळाली. प्रचाराला नवी काळी छत्री आणली, उन्हातान्हात दारोदार फिरले.

आणि मतदानाच्या दिवशी तुमची धर्मापुरीला मॅच.

तुम्ही सकाळी पहिलं मत टाकून गेलात, ते मी नाकारत नाही. बाकीचे म्हणाले, पाचच्या आत माघारी येतो आणि टाकतो. चाळीस माणसं टेम्पोत बसून गेली. मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहून रस्त्याकडं बघत होते. फाटक लागलं तेव्हाही बघत होते. तुम्ही दिवेलागणीला आलात आणि म्हणालात, टेम्पो बंद पडला. आठ शून्य हरून आला होतात. मग तुम्ही सगळे दुकानात बसलात आणि आठ ठिगळं निवडत बसलात.

निकालाला वडवणीला मी आणि छत्री, दोघीच गेलो. तुम्हाला शिवणाची घाई होती. मला सव्वीस मतं पडली, समोरचीला दोनशेच्या वर. ते चाळीसही आले असते तरी मी पडलेच असते, एवढा हिशेब मला येतो. पण सपाटून हरणं वेगळं आणि एकटीनं हरणं वेगळं.

घरी आले. तुम्ही मशीनवरून मान वर केलीत आणि म्हणालात, "जाऊ दे. आपलं काम न्हाई ते."

एवढंच. त्यांना 'पुढच्या बारीला' आणि मला 'जाऊ दे'. ते एकही मॅच न जिंकता इतकी वर्षं हरत राहिले आणि मी एकदाच हरले होते. मला तुमचा मैदानातला वेळ कधी खुपला नाही, तुमच्या खिशातला पैसा खुपला नाही. तुमची आशा खुपली. ती पोत्यानं भरून होती तुमच्याकडं, आणि माझ्या वाटणीला मूठभरसुद्धा आली नाही.

वर ती छत्रीही नेलीत. निकालानंतर ती दाराआड पडली होती, तर तुम्ही मॅचला न्यायला लागलात, ऊन लागतं म्हणून. माझ्या पडलेल्या छत्रीखाली बसून तुम्ही त्यांच्या जिंकण्याची वाट बघायचात. पोरं मला गावात छत्रीवाली म्हणून चिडवत होती आणि तुम्ही तीच डोक्यावर धरून फिरत होतात. तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो?

हे सगळं मी सोमवारी त्यांना सांगितलं. शिवा सुजल्या नाकानं खाली बघत राहिला. पिशवी ओट्यावर ठेवून सगळे निघून गेले. या वेळेला कुणी हसत नव्हतं. मला वाटलं होतं, असं झालं की मला बरं वाटेल. नाही वाटलं.

मंगळवारी दुपारी आबा एकटेच आले. शेळ्या ओट्याखाली, आबा ओट्यावर. कमरेची चंची सोडली आणि आतून पटक्याचा तुकडा काढला.

"हे बारावं कशाचं?" मी म्हटलं. "गोल तर अकराच झालेत."

"तुज्या हरन्याचं."

मी मशीन थांबवलं. मग आबा सांगायला लागले.

"सूनबाई, टेम्पो बंद पडला नव्हता. त्या गावची रीत हाय, हरलेल्याला जेवू घालून पाठवायचं. देवळापाशी पंगत मांडली व्हती. तुजा धनी उठला व्हता. म्हनला, चला, मत ऱ्हायलंय, ती वाट बघत आसंल. आमीच म्हनलं, बस की आप्पा, ताट वाढलंय, आन तिला तरी कोन निवडून देतंय. मंग बसला."

तर असं आहे. टेम्पोची थाप तुम्ही मारलीत, त्यांना पाठीशी घालायला. साडेचार वर्षं मी त्या टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या. तुम्ही उठला होतात, हे ऐकून मला भरून आलं. आणि बसलात, हे ऐकून पुन्हा तोच जाळ. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक निवडता येत नाही. तुम्हीच सांगा, मी कुठलं धरू?

आबांना म्हटलं, "तुमचं ठिगळ चालणार नाही. नियम आहे. हरताना जो हजर होता, त्याचंच घ्यायचं."

आबा हसले नाहीत. तुकडा घडी करून परत चंचीत ठेवला. म्हणाले, "खरं हाय. आमी हजर नव्हतो." उठले, काठी घेतली, शेळ्यांना हाक दिली. चार पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आता परत विलेक्शन लागल. पुढच्या बारीला सकाळी सातला लाईन लावतो आमी. आदी मत, मंग बाकीचं."

पुढच्या बारीला. माझ्यासाठी. एवढ्या वर्षांनी ते कानावर पडलं आणि मी मशीनवर डोकं टेकून रडले. त्या दोन शब्दांसाठी मी सगळ्या संघावर जळत होते. आणि ते आले ते एका म्हाताऱ्याच्या तोंडून, शेळ्या हाकताना. तुमच्या तोंडून यायला हवे होते हो. तेवढं काय जड होतं?

आत्ता ट्रंक उघडलीय. वाकळ मांडीवर आहे. तुमच्या हाताचा वास तिला येतो, मशीनच्या तेलाचा आणि तंबाखूचा. तुमचे टाके बघतेय. सगळ्यांसमोर नको म्हणून बोलले नाही, पण शिवा बरोबर बोलला. माझा टाका बारीक आहे.

पाटोद्याची अकराही ठिगळं लावते. दोन घामानं कडक झालीत, कुणी न धुताच कापून आणलीत कोण जाणे. आणि बारावं मी आधीच कापून ठेवलंय. माझ्या हरण्याला हजर असलेलं एकच कापड या घरात आहे. दाराआडून छत्री काढली आणि काड्यांपासून कापड सोडवलं. तुमच्या मॅचांच्या उन्हानं ते विटलंय, पण एक कोपरा अजून काळा कुळकुळीत आहे. तो कोपरा वाकळीच्या बरोबर मधोमध लावणार आहे. त्यासाठी तुमच्या लग्नातल्या सदऱ्याचं ठिगळ मी बाजूला सरकवलंय, सांगून ठेवते.

आता वचन. मी परत उभी राहणार. पडले तर त्यांनी ठिगळ आणायचं, हजर राहून. मतदानाचा दिवस ठरला की फुटबॉल माझ्या ट्रंकेत जाईल आणि चाळिसांच्या बोटांची शाई बघितल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. त्यांच्या प्रत्येक मॅचला मीही जाईन, नवी छत्री घेऊन. जिंकोत न जिंकोत, पुढच्या बारीला म्हणायला कुणीतरी लागतंच ना, तुम्ही तर निघून गेलात. आणि ज्या दिवशी आपण जिंकू, ते असोत नाहीतर मी, त्या दिवशी लिंबाखाली ही वाकळ अंथरली जाईल. मधल्या काळ्या ठिगळावर मी बसेन. तुम्ही आलात तरी उठणार नाही.

तुमची,
छत्रीवाली सुमन