भरीव आणि दीर्घकालीन

४ जून

पोरीचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. खालचे दोन दात गेले. डॉक्टर म्हणाला, "तारेने बांधावा लागेल, सहा आठवडे." मी विचारलं, किती गेजची तार? तोंडातून निघूनच गेलं! दिवसभर लोखंड जोडणारा माणूस, दुसरं काय विचारणार. डॉक्टर बघतच राहिला माझ्याकडे.

ठमी तेरा वर्षांची. आठवीत. मारणाऱ्या तिघीही तिच्याच वर्गातल्या. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये नेलं. दोघींनी हात धरले, तिसरीने तोंडात फळ्याचं डस्टर कोंबलं. "आता बोल की. ब-ब-बोल." ठमीने तिचं बोट चावलं. मग त्यांनी तिचे केस धरून तोंड बेसिनवर आपटलं. तीनदा.

हे सगळं तिने खाटेवर बसून कागदावर लिहून दिलं. अक्षर सुरेख. एक खाडाखोड नाही.

बोलताना अडखळते पोरगी. एवढाच तिचा गुन्हा.

५ जून

सुट्टी टाकली. हात शिवशिवतायत.

७ जून

शाळेत गेलो. मोठ्या बाई शांत. इतक्या शांत की डोकंच फिरावं! "दोन्ही बाजूंनी हात उचलला गेलाय. त्या मुलीच्या बोटाला तीन टाके पडलेत." म्हणून हा म्हणे शिस्तभंग. तिघी सात दिवस घरी. ठमीलासुद्धा लेखी ताकीद. आठव्या दिवशी तिघी परत त्याच वर्गात, तिच्या मागच्याच बाकावर.

म्हटलं, "अडखळते म्हणून मारलंय तिला. शाळांसाठी भेदभावाचा कायदा आहे ना?"

बाईंनी कपाटातून कागद काढला. कायद्यात एक यादी आहे, संरक्षित वैशिष्ट्यांची. वंश, रंग, धर्म, लिंग, अपंगत्व. यातल्या एखाद्यावरून मारलं तर तो भेदभाव. मग मारणाऱ्यांना दुसऱ्या शाळेत हलवतात, शाळेलाही जाब द्यावा लागतो. यादीबाहेरच्या कशावरून मारलं, तर ती नुसती मारामारी.

"अडखळणं यादीत नाही," बाई म्हणाल्या. "अपंगत्वात बसवता आलं तर बघा. पण ती तर वर्गात धडा वाचते हो. कितीतरी वेळा कळतसुद्धा नाही."

मी खुर्ची उचलली आणि भिंतीवर घातली. पाय तुटला, खुर्चीचा. शिपायाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. कारकून मागून पळत आला आणि त्या कागदाची झेरॉक्स हातात कोंबून गेला.

१० जून

डस्टर कोंबणारीचा बाप औषधाचं दुकान चालवतो. बोलायला गेलो होतो — खरंच, बोलायलाच. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती. म्हणाला, "पोरींची भांडणं, आपण कशाला पडायचं मध्ये? आणि तु-तु-तुमची मुलगीही काही कमी नाही." वर हसला.

काउंटरवरून हात घालून कॉलर धरली, ओढला आणि दिली नाकावर. कट् झालं. दुसरी दिली. तिसरी देताना गिऱ्हाइकांनी धरलं मला. बाटल्या फुटल्या, सगळीकडे खोकल्याचं औषध, त्यात त्याचं रक्त. गोड वास अजून बोटांना आहे.

चौकीत चार तास. माफी लिहून दिली. माफी नाही वाटत. छान वाटतंय!

११ जून

ठमीला सांगितलं, त्याचं नाक फोडलं म्हणून. वाटलं खूश होईल. तिने भिंतीकडे तोंड केलं.

१५ जून

मोफत सल्ला केंद्रात एक वकीलबाई भेटल्या. वयाने लहान, पण फटकळ. पहिलं वाक्य — "दादा, आता कोणाला हात लावलात तर मी केस सोडेन." दुसरं — "सगळं एका मुद्द्यावर आहे. अडखळणं अपंगत्वाच्या व्याख्येत बसलं तर आपण जिंकलो. नाही बसलं तर त्या तिघी आणि ठमी एका वर्गात." तिसरं — "घडलेलं सगळं तारखेनिशी लिहून ठेवा."

म्हटलं, वही आहेच. आईच्या आजारपणापासून लिहितोय. ही वही काही त्यांना दाखवण्यासारखी नाही, पण.

२१ जून

व्याख्या पाठ झाली. "अपंगत्व म्हणजे अशी शारीरिक वा मानसिक अक्षमता, जिचा व्यक्तीच्या दैनंदिन व्यवहारांवर भरीव आणि दीर्घकालीन प्रतिकूल परिणाम होतो." दीर्घकालीन म्हणजे किमान बारा महिने. ते झालं. पण भरीव? आमच्याकडे सळई भरीव, पाइप पोकळ. हातात घेतलं की कळतं. माणसाचं कसं ओळखायचं? कितीदा अडखळली म्हणजे भरीव? दहा शब्दांत दोनदा? पाचदा?

वर्कशॉपमध्ये जोडीदाराला विचारलं. म्हणाला, "तू तिच्याशी बोलतोस ना रोज? मग तुलाच माहीत असणार." मी ग्राइंडर चालू केला. रोज काय बोलतो मी तिच्याशी? जेवलीस का. अभ्यास झाला का. मान हलवून उत्तर देता येतं असलेच प्रश्न.

२ जुलै

नळीने दूध, नळीने सूप. हडकली आहे. चावलेल्या पोरीचं बोट बरं झालं म्हणे, औषधवाला सांगत फिरतोय. मला परत जावंसं वाटतं त्याच्या दुकानात. पाना घेऊन.

१७ जुलै

तारा काढल्या. तोंड बोटभर उघडतं. पहिला शब्द काय बोलते म्हणून मी आणि तिची आई, दोघं वाट बघत उभे. काहीच बोलली नाही.

२० जुलै

तीस तारखेला वाचा-तपासणी. तिथल्या डॉक्टरणीचा अहवाल आमची तक्रार ऐकणाऱ्या मंडळापुढे जाणार. सगळं त्यावर.

आज हिच्याशी वाजलं. मी म्हणत होतो, या शाळेने पोरीची वाट लावली. ही भांडी घासता घासता म्हणाली, "आणि तुमची ती पोलादी पट्टी? तेही लिहिताय का वहीत?"

लिहितो की. लपवतोय कोणापासून? ठमी पाच वर्षांची होती. शाळेत घालायचं होतं. मी वर्कशॉपमधली पोलादी पट्टी आणायचो आणि तिच्याकडून वदवून घ्यायचो. अडखळली की पट्टी. टेबलावर मारायचो. आवाजाने धाक बसावा म्हणून. धाकाने सुटते सवय, असं सगळेच सांगायचे. आणि सुटलीच ना बऱ्यापैकी? वर्गात धडा वाचते, बाईच म्हणाल्या.

"टेबलावर!" ही म्हणाली, आणि पातेलं आपटलं.

२१ जुलै

टेबलावर नाही. बोटांच्या पेरांवर. दोनदा तोंडावर. हात सुजायचा, मग ही बर्फ लावायची. झालं लिहून.

पण मी बाप आहे. त्या तिघी कोण लागतात तिच्या?

२७ जुलै

हे लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

तपासणीची तालीम घ्यावी म्हटलं. माल पाठवायच्या आधी आम्ही एकदा जोडून बघतो, तसं. ठमीला समोर बसवलं. नाव सांग. सांगितलं, सरळ. पत्ता सांग. सरळ. काल काय केलंस? थांबत थांबत, पण एकदाही न अडकता. मी बघतोय — तिच्या पायाचा अंगठा फरशीवर ठोके देतोय, एका शब्दाला एक. जो शब्द अडेलसं वाटतो तो टाळून दुसराच घेते. "पाणी" म्हणत नाही, "तहान लागलीय" म्हणते. घरात आठ वर्षं चाललंय हे, आणि मला पत्ता नाही!

म्हटलं, "ठमे, असं नको. त्यांच्यासमोर अडखळायचं. खरं आहे तसं."

मान हलवली. परत तेच, गुळगुळीत. म्हटलं, "अगं, भरीव दिसलं पाहिजे." परत तेच. माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत डोळे घालून. ठोके चालूच. मला वाटलं मुद्दाम करतेय. बापाला दाखवतेय. सगळी मेहनत, चौकी, सुट्ट्या, वकीलबाईंच्या चकरा, सगळं पाण्यात घालतेय.

"अडखळ ना, च्यायला!" म्हणालो आणि एक ठेवून दिली. डाव्या गालावर. जिथे हाड जुळलंय तिथे.

ती खुर्चीसकट आडवी झाली. हिरडीतून रक्त आलं, हनुवटीवरून फ्रॉकवर. आवाज नाही केला. मी उचलायला वाकलो तर दोन्ही हात डोक्यावर घेऊन गोळा झाली. ते मला ओळखीचं वाटलं. पाच वर्षांची असताना अशीच व्हायची.

ही शिवणाची कात्री घेऊन आली. टोक माझ्या गळ्याशी. "परत हात लावलात तर घुसवीन. देवाशप्पथ घुसवीन." घुसवली असती. कात्री गळ्याला थोडी लागलीही. मी मागे झालो.

२८ जुलै

हाड सरकलेलं नाही. डॉक्टरने विचारलं, कशाने लागलं? ही म्हणाली, "पडली." माझ्याकडे न बघता.

३० जुलै

तपासणी झाली. मला आत घेतलं नाही. दाराला काच होती. ठमीच्या तोंडातून शब्द निघेना. मान ताणायची, डोळे मिटायची, ओठ थरथरायचे, आणि शेवटी नुसती हवा. स्वतःचं नावही नाही. पायाचा अंगठा ठोके देत होता आणि काही उपयोग होत नव्हता.

अहवाल लगेच मिळाला. "तीव्र."

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? जिन्यातच मुठी आवळल्या मी आनंदाने. मग खाली फूटपाथवर बसलो.

३ ऑगस्ट

वकीलबाईंना अहवाल दिला. खूश. म्हणाल्या, "तसंही स्पष्टीकरण आपल्या बाजूनेच होतं."

कसलं स्पष्टीकरण?

"व्याख्येच्या खालचं. उपायाने किंवा सवयीने अडचण झाकली असेल, तर ती झाकलेली नाही असं धरूनच परिणाम मोजायचा. म्हणजे ती अडखळताना दिसायलाच पाहिजे असं नव्हतं. तुम्ही आता सांगितलेत ते अंगठ्याचे ठोके, शब्द टाळणं, तेच सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तुमच्याकडे कागद आहे ना?"

खिशातली माझी झेरॉक्स उघडली. खालच्या तीन ओळी कापल्या गेल्यात. कारकुनाने घाईत वाकडी लावली असणार. माझ्यामुळेच घाई. खुर्ची मीच फेकली होती.

वीस वर्षांत एकदाही ड्रॉइंगखालच्या टिपा वाचल्याशिवाय लोखंडाला हात लावला नाही मी. पोरांना शिकवतो — आधी टीप, मग कटर. आणि घरात?

बाईंनी विचारलं, "काय झालं, दादा?" म्हटलं, काही नाही.

४ ऑगस्ट

ठमीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. माफी मागायची होती. तोंड उघडलं आणि शब्दच येईना. तिने आतून कडी लावली.

७ ऑगस्ट

वकीलबाई म्हणाल्या, "वही आणा, मंडळापुढे ठेवू." म्हटलं, अक्षर वाईट आहे, नवी लिहून देतो. चार पानं निवडून काढली. बेसिन, डस्टर, मोठ्या बाई, शाळा. बाकीचं यातच राहू दे. हिने मला उतरवून काढताना पाहिलं. ठमीच्या फ्रॉकवरचा डाग घासत होती, तो काही निघत नाही.

११ ऑगस्ट

मंडळात तिघं. मधले म्हातारे गृहस्थ फार मायाळू. ठमीला म्हणाले, "घाई नाही बाळ. फक्त परिणाम कधीपासून आहे ते नोंदवायचंय. अडखळलीस म्हणून तुला पहिल्यांदा कोणी मारलं?" ठमीचे ओठ मिटले. "ब" वर अडली. पूर्ण एक मिनिट. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी शब्द पुरवला नाही. मला पहिल्याच अक्षराला कळलं होतं. तिने शब्द टाळला नाही, बदलला नाही, पुरा केला. निकाल तिथेच दिला: व्याख्येत बसते, एकमताने. तिघींना शाळेतून हलवणार. आम्ही जिंकलो. मग मंडळाच्या कारकुनाने तिचं उत्तर लिहून घेतलं, मान वर केली आणि मला म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव सांगा."