हाकेवर आलेली मेंढरं

रुमानिया, ९ जानेवारी २०२५

ती. आबांना अंगदचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि धाकटी सत्यशीला माझं निम्मं बोलणं गाळून सांगते, म्हणून कागद लिहितोय. खोलीत आम्ही पाचजण, बाकीचे चौघे नेपाळचे. थंडी अशी की घोंगडं अंगावरून काढवत नाही. निघताना ते घ्यायला मी तोंड वाकडं केलं होतं, माझं चुकलं.

काम मेंढरांचंच आहे. ट्रकमधून उतरवून आत न्यायची. नवी जागा बघून ती दारातच अडायची, मग माणसं विजेची काठी लावायची. मला बघवलं नाही. पुढं झालो, जीभ टाळूला लावून आपली हिर्रर्र दिली. एक आलं, मागून सगळी. तेव्हापासून साहेबानं मला तेवढंच काम दिलंय. आईला सांगा, पोटभर जेवतो.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापे.
आपला,
अंगद

गंगापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. अंगदास अ. उ. आ.

कागद सत्यशीलेकडून दोनदा वाचून घेतला, मग मीच अक्षरं जुळवत वाचला. लेका, साता समुद्रापार आपली हाक चालली. तुझ्या आज्यानं मला दिली, मी तुला. पारावर सगळ्यांना सांगितलं. कचरू म्हणाला, आता तिकडची मेंढरं मराठी बोलायला लागतील. लई हसलो. तुला तिकडं धाडणाऱ्या उस्मानपुऱ्याच्या एजंटाला मी उगंच शिव्या दिल्या, भेटला तर चहा पाजीन.

तिकडची मेंढी एका येताला किती पिल्लं देती? लोकर कवा कातरतात? आता ती तुला वळखत असतील. सगळं लिही. तुझी आय राजाबाई आशीर्वाद सांगती.

जिवाला जप.
तुझा बाप, त्रिंबक

रुमानिया, २७ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

हा कागद एकट्यानंच वाचा.

तुमच्या एकाही प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. इथं रोज नवी मेंढरं असतात. हा कत्तलखाना आहे, आबा. मेंढपाळाचं काम म्हणून एजंटानं सांगितलं ते खोटं होतं, आणि मीही तुम्हाला खरं लिहिलं नाही. मी हाक देत पुढं चालतो, ती माझ्याकडं बघत मागं येतात. शेवटाला मी बाजूच्या दारानं बाहेर पडतो आणि दार लागतं. दिवसाला सहाशे जातात.

तुम्हीच शिकवलंय, हाक दिली की पुढं पाणी नाहीतर पाला पाहिजेच, मेंढराला फसवायचं नाय. मला आता जेवण जात नाही. दुसरं काम मागितलं तर साहेब म्हणाला, तुला हाकेसाठी ठेवलंय, जमत नसेल तर घरी जा. कामाचा परवाना याच कारखान्यापुरता आहे, दुसरीकडं लागता येत नाही. पण माझ्यासाठी तुम्ही निम्मा कळप विकला, मग कोणत्या तोंडानं येऊ? तुम्ही सांगाल तसं करीन.

रागावलात तरी माया राहू द्या.
अंगद

गंगापूर, २२ मार्च २०२५

चि. अंगदास अ. उ. आ.

कागद एकट्यानं वाचला, दोन दिवस लागले; हा बी माझ्याच हातानं लिहितोय. राजाबाईनं विचारलं, तर थंडी कमी झाली एवढंच सांगितलं.

मी बी तुला खोटं सांगितलंय. निम्मा कळप वैजापूरकडं पाळणाऱ्याला विकला म्हणालो, पण पाळणारा कुणी तेवढा भाव देईना. चितेगावाजवळ खाटकाचा टेम्पो बोलावला. मेंढरं फळीवर चढंनात. मग मीच टेम्पोत चढलो अन् आतून हाक दिली. सगळी आली. तू बाटलीनं दूध पाजून वाढवलेली बांडी मेंढी माझ्या धोतराला नाक घाशीत उभी राहिली. तिला सारून मी खाली उतरलो अन् कडी लावली. त्या पैशावर तू गेलास.

तवापासून मी हाक देत नाय, काठीनं हाकतो. कचरूला वाटतं माझा घसा गेला.

तुला नावं ठेवायचं मला तोंड नाय. पण विचारलंस म्हणून सांगतो, ये. बापानं बोलावलं म्हण साहेबाला. उरलेल्या मेंढरांवर दोघांचं भागणार नाय, चितेगावच्या एखाद्या कंपनीत लाग, मी रोजानं जाईन. फक्त घरी आल्यावर मेंढरांपुढं ती हाक देऊ नको. दिलीस तर ती पळत येतील, त्याचंच मला भ्या वाटतं.

वाट बघतो. लोभ आटू देऊ नको.
तुझा बाप, त्रिंबक