लेखकाने बोलायचं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी
सत्यशीला मॅडमचा नवा नियम! संशोधन-लेखनाच्या वर्गात जोड्या. एकमेकांचा कच्चा पेपर वाचायचा, मग सगळ्यांसमोर मत द्यायचं. ज्याचा पेपर, त्याने पुढच्या खुर्चीत बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. "पेपर वाचकाच्या घरी जाईल तेव्हा तुम्ही सोबत जाणार आहात का?" – इति मॅडम. शिवाय दम – दुसऱ्याचं लिहून देणारा आणि लिहून घेणारा, दोघंही बाद.
एकच पेपर कोल्हापूरच्या चर्चासत्राला जाणार. मला जायचंय! दुसरं काही सुचतच नाही.
माझी जोडी पुष्करशी. शनिवार पेठेतला, बोलणं तुटक. त्याचा पेपर पेठेतल्या वाचनालयांवर, माझा धायरीतल्या टँकरच्या पाण्यावर.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पुष्करच्या पेपरचा शेवट पार विस्कटलेला. समासात चार शब्द लिहून मोकळं व्हायचं होतं. पण आमच्या यवतमाळकडे कुणाचं काम हातात घेतलं की अर्धवट परत देत नाहीत. शेवटची दोन पानं नव्याने लिहून पाठवली. दम आठवला, पण ही तर मदत! वाटलं, खूश होईल.
त्याचा मेसेज – "दुरुस्ती सुचवायची होती, घर पाडून बांधायचं नव्हतं. असो. आभारी आहे."
रागावला? की इकडे आभार असेच मानतात?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मेसमध्ये भात ताटातच राहिला. दोन पानं त्याने ठेवली की फेकली, कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
ठेवली! जशीच्या तशी!
आज खुर्चीत मी होते. पुष्कर माझ्या पेपरबद्दल मोजकं, चांगलं बोलला. मग मॅडम म्हणाल्या, "दोन्ही पेपरांचे शेवट एकाच हातचे वाटतात. पुष्कर, मदत करावी, पण इतकी? रुपाली आत्ता कुठे यवतमाळहून आलीये, एवढ्यात अशी भाषा..." वाक्य पुरं केलं नाही. गरजच नव्हती.
मी तोंड उघडलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं – लेखकाने बोलायचं नाही!
पुष्करला बोलता येत होतं. तो मात्र खाली बघत बसला. इतका राग मला कधी आला नव्हता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
आईला फोन केला. "तू काहून दुसऱ्याचं करून राहिली होती? आता सांगून टाक ना वं!"
सांगितलं तर मीही बाद. नाही सांगितलं तर वर्गात कायमची 'पुष्करने लिहून दिलं ती' मुलगी. सिंहगड रोडला उगाच चालत सुटले, धुळीने घसा बसला.
परत आले तर पुष्करचा मेसेज – "सॉरी. धीर झाला नाही."
सॉरी वर्गात म्हण ना!

बुधवार, १२ फेब्रुवारी
उद्या त्याची पाळी. पुस्तक उघडते, मिटते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आज खुर्चीत पुष्कर. लेखक तो, बोलणार मी. उभी राहिले. "मॅडम, या पेपरची शेवटची दोन पानं उत्तम आहेत. मी लिहिलीत."
पुष्करने नियम पाळला. एक शब्द नाही. फक्त मान हलवली – हो.
कोल्हापूर गेलं, दोघांचंही. मेसमध्ये आज भात पुन्हा मागून घेतला.