कुठून आलं?

करी रोड,
२० ऑगस्ट २०२५

चि. मेघना,

अनेक उत्तम आशीर्वाद. वरळीला तुझे आईबाबा मजेत असतील. मीही बरी आहे, गुडघे सोडले तर. माझा फोन तू उचलत नाहीस. विनीतच्या आईचा फोन तू का उचलावास म्हणा. म्हणून पत्र लिहिते. फाडायचं झालं तरी पाकीट हातात घ्यावं लागेल.

इथे लिफ्ट पुन्हा बंद आहे. चाळीत होतो तेव्हा चौथा मजला कधी उंच वाटला नव्हता. यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात येताहेत, म्हणजे लग्नानंतरचा तुझा पहिला ओवसा, गौरीपुढे सुपं ओवाळायचा. लालबागेतून सुपं आणून ठेवली. विनीत म्हणाला, "ती कुठे येणारे?" मी म्हटलं, सुपं काही नासत नाहीत.

आता इकडचं तिकडचं पुरे. त्या संध्याकाळी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीत तुझा एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि विनीत म्हणाला, "लस घेतली होतीस ना? मग कुठून आलं?" तू बॅग भरलीस. शरीरसंबंधातून लागणारं ते, म्हणजे तो प्रश्न नव्हता, आळ होता, हे मलाही कळलं.

मग मी त्याला धरून नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुझं नाव घेतलं नाही, नुसतं विचारलं. त्या म्हणाल्या, "लस सगळ्यात धोक्याचे प्रकार अडवते, पण सगळेच नाही. आणि लशीच्या आधी शिरलेलं ती बाहेर काढत नाही. म्हणून लस घेतली तरी तपासणी चुकवायची नसते. बहुतेकींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला हाकलून देतं. कधी आलं, कुणाकडून आलं, हे कुणालाच सांगता येत नाही."

विनीत तरीही "पण डॉक्टर..." म्हणालाच. हट्टीपणा माझ्याकडूनच आलाय, दोष कुणाला देऊ? तेवढ्यात बाईंनी मला विचारलं, "तुम्ही कधी केलीत तपासणी?" मी हसले. या वयात कसली तपासणी! पण त्यांनी करायला लावलीच.

पुढचं कुणाला सांगणार नव्हते, तुलाही नाही. माझाही पॉझिटिव्ह आला, मेघना.

फार घाबरले मी. विनीतने तो कागद वाचला आणि माझ्याकडे बघेना. राग आला की माझ्या तोंडून मालवणीच निघते. भर दवाखान्यात त्याचाच प्रश्न त्याच्यावर फेकला, "आता इचार मका, ह्यां खंयसून इलां?" त्याचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्याशिवाय माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? बाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं ते अंगात गुपचूप बसू शकतं. विनीत बाकावर बसून रडला. तुझं नाव घेऊन रडला.

माझी पुढची तपासणीही झाली. दुर्बिणीतून बघितलं, वाईट काही नाही. वर्षाने पुन्हा जायचंय. तुलाही तेव्हाच बोलावलंय ना? परत आलीस किंवा नाही आलीस, ती चुकवू नकोस.

रविवारी तो तिकडे माफी मागायला येतोय. दार उघडायचं की नाही, ते तुझं तू ठरव. त्याची वकिली मी करणार नाही. पण मला तू घरात हवी आहेस. जवळ बसून हे सगळं बोलावं असं दुसरं कुणी मला नाही.

तुझ्यासारखाच रिपोर्ट आलेली,
तुझी सासू
नलू