विमानं गेल्यावरचं बेट

९ फेब्रुवारी १९४४, मार्शल बेटं

आमच्या जपानी तळावरचं शेवटचं विमान गेलं! पाण्यावरून कसंबसं उठलं, डगमगलं, दिसेनासं झालं. बाकीची नांगरावर असतानाच बाँबनी जळाली. वैमानिक आशिदासाहेब चढताना म्हणाले, "मिस्त्री, विमानं वर ओढायचा उतार साफ ठेवा. येतोच आम्ही." मी काय बोललो ते इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. बरंच झालं. "मलाही न्या," म्हणालो होतो.

१ मार्च

उतार झाडला. शेवाळ खरवडलं. कोणी आलं नाही.

२० जून

अमेरिकनांनी आजूबाजूची बेटं घेतली, आमचं तसंच सोडलं. वरून बाँब टाकतात आणि जातात. जिंकून घ्यायच्याही लायकीचे नाही आम्ही! तांदूळ संपत आले. मिस्त्र्यांपैकी मी आणि सेंगोकू, दोघंच उरलो. तो म्हणतो, "लढाईत मरायला आलो, आणि उंदरांमागे धावतोय!" फार हसलो.

४ ऑक्टोबर

सेंगोकू गेला. पाय सुजले होते. शेवटी फक्त आईच्या हातच्या मुळ्याच्या लोणच्याबद्दल बोलायचा.

५ ऑक्टोबर

आज कोणाशीच बोललो नाही.

१७ जानेवारी १९४५

हातात बंदूक दिली. बेटावरचे लोक होड्यांतून अमेरिकनांकडे पळतात—तळप्रमुख कुरिहारासाहेबांचा हुकूम, दिसला की गोळी घाला. माझा पहारा दक्षिण टोकाला. तिथे म्हातारा लाबारेज आणि त्याची सून लिकमेता राहतात. म्हातारा आमच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता, जपानी छान बोलतो. मला बघून म्हणाला, "काय विमानवाल्या, आता माणसं राखतोस होय?"

लिकमेताने भाजलेला नीरफणस पुढे केला. झाडं आता सैन्याची, त्यांनी फळ तोडलं तर ती चोरी. मी खाल्लं.

२ मार्च

पहारा नसतानाही गेलो. म्हातारा जाळं विणतो, मी बसतो. विचारलं, "मुलगा कुठे तुझा?"

"तुझ्या साहेबाला विचार."

नारळ तोडला म्हणून मारलं त्याला. गोळीचा आवाज मीही ऐकला होता. लिकमेता उठून आत गेली.

६ मे

केवड्याच्या झाडांमागे, झावळ्यांखाली होडी दिसली. मी पाहिलं हे म्हाताऱ्याने पाहिलं. कळवायला हवं. उद्या कळवीन.

७ मे

कळवलं नाही. ते गेले की मी कोणाकडे जाऊन बसू?

९ मे

वही कोरडी राहिली! काल दुपारी आडवातिडवा पाऊस, चार हातांपलीकडचं दिसेना. टोकाला गेलो तर होडी पाण्यात. मी बंदूक उचलली. लिकमेता वळून नुसती बघत राहिली. म्हातारा ओरडला, "गोळी घाल, नाहीतर आत येऊन पाणी उपस! असा मधेच उभा राहू नकोस!"

बंदूक पाण्यात गेली. रात्रभर उपसत होतो. सकाळी अमेरिकन जहाज दिसलं. वर घेतल्यावर त्या दोघांना एकीकडे नेलं, मला दुसरीकडे.

१० मे

दुभाषा नाव विचारायला आला. शेजारचा जपानी कैदी कुजबुजला, "खोटं सांग रे! जिवंत सापडलास हे घरी कळलं तर बापाला गावात तोंड दाखवता येणार नाही."

कितीतरी दिवसांत मला नाव कोणी विचारलंच नव्हतं.

खरं सांगितलं. इसोगाई तामेकिची.